रोजचं तेच जेवण, मग शुगर रोज वेगळी का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या ४७ वर्षांच्या ताई लिहितात. दोन महिन्यांपूर्वी साध्या तपासणीत मधुमेह निघाला. उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २६२, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ८.४. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड १ मिलिग्राम सुरू केली. त्यांनी साखर, भात, बटाटा बंद केला, चहात गूळ घालू लागल्या, संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला जाऊ लागल्या. मग ग्लुकोमीटर घरी आला आणि मनाची शांतता गेली. दिवसातून सहा-सात वेळा बोट टोचणे चालते. एका सकाळी ११२, दुसऱ्या सकाळी १४८. रात्री जेवल्याच नाहीत, तर सकाळी १५६. त्याच दोन भाकरी आणि आमटी खाऊन एकदा १७१, एकदा २३६. लागोपाठ दोनदा तपासले तर १३८ आणि १५१. लॅबमध्ये जेवणानंतरची १६४ आली, घरी येऊन पाहिली तर १९२. एका शुक्रवारी उपवास असताना दुपारी एकला हात थरथरले, घाम फुटला. मशीनवर ६२. दोन पेढे खाल्ले, वर साबुदाण्याची खिचडी, आणि दोन तासांनी २१४. मिस्टर प्रत्येक आकड्यावर "काय खाल्लंस?" विचारतात, सासूबाई मेथी-कारल्याचा आग्रह धरतात. "माझं शरीर ऐकेनासं झालंय की मशीनच खराब आहे? अजून काय काय बंद करू?" असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, नमस्कार.

तुम्ही आकडे वेळेसकट लिहून पाठवलेत, हे फार बरे केलेत. नीट लावून पाहिले तर त्यातल्या जवळजवळ प्रत्येक आकड्याचा उलगडा होतो. शरीराने वैर धरलेले नाही आणि मशीनही बहुधा ठीक आहे. घोटाळा इतकाच की तुम्ही आकडा एकटा बघता. त्याच्या आधीच्या चार-पाच तासांत काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, किती चाललात, झोप किती झाली, हे शेजारी लिहिलेले नसेल तर २३६ बघून घाबरण्यात अर्थ नाही आणि ११२ बघून निर्धास्त होण्यातही नाही.

सोप्या गोष्टीपासून सुरुवात करू : १३८ आणि १५१. ग्लुकोमीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे (आयएसओ १५१९७, २०१३ ची आवृत्ती), त्यानुसार १०० आणि त्यापुढच्या आकड्यांत शंभरपैकी ९५ मापने लॅबच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असली की मशीन पास. १०० च्या खाली हीच सूट १५ अंकांची. म्हणजे खरी शुगर १४५ असेल तर मशीन १२३ ते १६७ मधले काहीही दाखवू शकते, आणि तरीही ते चांगलेच मशीन असते. तुमचे दोन्ही आकडे या पट्ट्यात बसतात. १३८ आणि १५१ हे मशीनच्या भाषेत एकच उत्तर आहे. खात्री करायला दुसऱ्यांदा टोचणे म्हणजे एक स्ट्रिप आणि थोडी झोप वाया घालवणे.

लॅबचे १६४ आणि घरचे १९२ याचे कारण वेगळे. लॅब दंडाच्या शिरेतले रक्त घेते, घरी आपण बोटाचे घेतो. उपाशीपोटी दोन्हींत साखर जवळपास सारखीच असते. जेवल्यावर मात्र साखर बोटातल्या रक्तात आधी पोचते, वाटेत पेशी ती उचलतात आणि मग रक्त शिरेत येते. त्यामुळे जेवणानंतर बोटाचा आकडा वीस-तीसने जास्त येणे अगदी नेहमीचे आहे. शिवाय लॅबमधून घरी येईपर्यंत वेळही गेला. मशीन पारखायचे असेल तर ते उपाशीपोटीच पारखा : पुढच्या वेळी मीटर लॅबमध्ये घेऊन जा, शिरेतले रक्त काढले की लगेच तिथेच बोट टोचा, आणि दुपारी रिपोर्ट आला की दोन्ही आकडे ताडून पाहा. फरक १५ टक्क्यांच्या आत असला की पुन्हा शंका नको. रक्त करड्या झाकणाच्या नळीत घेतले का, तेही बघा. त्या नळीत फ्लोराइड असते. साध्या नळीत रक्त तसेच पडून राहिले तर त्यातल्या पेशीच साखर खात बसतात आणि आकडा तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घसरतो. लॅबचा आकडाही असा फसवू शकतो.

आणि हात. तुम्ही चहासाठी गूळ फोडता ना? त्याच बोटांनी टोचले तर चिकटलेला कणभर गूळ आकडा कितीही वर नेऊ शकतो, कारण तपासायचा थेंब तो केवढा! केळ सोलल्यावरही हेच होते. साबण-पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करा. नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका. बोटाच्या कडेला टोचा, थेंब यावा म्हणून बोट पिळू नका. स्ट्रिपच्या डबीचे झाकण स्ट्रिप काढली की त्याच क्षणी लावा. आपल्याकडच्या पावसाळ्यातली दमट हवा स्ट्रिप बिघडवायला पुरेशी आहे. डबी फ्रीजमध्ये नको, गॅसच्या ओट्याशेजारीही नको, आणि उघडल्याची तारीख पेनाने डबीवर लिहा.

आता तुम्हाला सगळ्यात जास्त छळणारा आकडा : रात्री जेवलाच नाहीत तरी सकाळी १५६. इथे तुम्ही धरून चालला आहात की साखर फक्त ताटातून येते. ती लिव्हरमधूनही येते. आपण खात नसतो तेव्हा मेंदूला साखर पुरवायचे काम लिव्हर करते. पहाटे चारपासून शरीर जागे व्हायची तयारी करते, कॉर्टिसॉलसारखी हार्मोन्स वाढतात आणि लिव्हर साखर सोडू लागते. हे प्रत्येकाच्या शरीरात घडते. मधुमेह नसलेल्याचे इन्सुलिन ती वाढ तिथल्या तिथे आवरते, तुमचे सध्या थोडे मागे पडते. रात्रीचे जेवण टाळून लिव्हरचे हे काम थांबत नाही, उलट तुम्ही त्याला जास्त वेळ कामाला लावता. मेटफॉर्मिनचा मुख्य उपयोग लिव्हरचा हा सढळ हात आवरण्यासाठीच आहे. तेव्हा जेवण बंद करू नका. साडेआठच्या आत जेवा, हलके जेवा, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटे चाला. मात्र रात्री घामाने जाग येत असेल किंवा सकाळी डोके जड असेल, तर एकदा पहाटे तीनला तपासा. तेव्हा ७० च्या खाली निघाली तर ही वेगळी गोष्ट आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

१७१ आणि २३६ कडे येऊ. "तेच जेवण" असे तुम्ही लिहिता, पण तुमच्याच नोंदीत १७१ च्या पुढे "साडेतीन वाजता" आहे आणि २३६ च्या पुढे "सव्वादोन". दोन्ही दिवशी जेवायला बसलात सव्वाएकला. म्हणजे एक आकडा सव्वादोन तासांनंतरचा आहे, दुसरा एका तासानंतरचा. साखर साधारण तास-सव्वातासाला शिखरावर असते आणि मग उतरू लागते. तुम्ही एकदा चढण मोजलीत, एकदा उतार. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. ताट उचलल्यापासून मोजले तर अर्धा तास इकडेतिकडे होतो. मोबाइलला गजर लावा.

वेळ जुळवूनही थोडा फरक राहीलच. भाकरी कधी जाड थापली जाते. महिनाअखेरीला पतसंस्थेत कामाचा रेटा असतो आणि ताणाने साखर वर जाते. झोप पाच तासांची झाली, सर्दी-ताप असला, तरी जाते. तुमचे वय ४७ आहे, पाळी मागेपुढे होत असेल तर त्या दिवसांतही आकडा हलतो. म्हणून वहीत पाळीची तारीख जरूर लिहा. डॉक्टरांकडे बायका हे सांगत नाहीत आणि मग कारण सापडत नाही. गुडघ्यात किंवा खांद्यात इंजेक्शन घेतले असेल, किंवा कोणी दिलेली सांधेदुखीची बिननावाची पुडी चालू असेल, तर तेही लिहा. त्या इंजेक्शनात बऱ्याचदा स्टिरॉइड असते, पुडीतही ते मिसळलेले असू शकते, आणि स्टिरॉइडने शुगर काही दिवस चांगलीच चढते.

"अजून काय बंद करू?" या प्रश्नापाशी जरा थांबूया. तुम्ही भात सोडलात आणि गूळ धरलात. कोल्हापूरच्या माणसाला गूळ औषधासारखा वाटतो. आपल्या मातीत पिकतो, गुऱ्हाळावरची गरम काकवी लहानपणापासून जिभेवर आहे, त्याविरुद्ध ऐकवत नाही. पण १० ग्रॅम गुळात ९ ग्रॅमच्या आसपास साखरच असते. दिवसाला चार कप चहा आणि कपाला १० ग्रॅम गूळ धरला तर ३५ ग्रॅम साखर तुम्ही रोज पीत आहात, तीही उपाशीपोटी आणि चार वाजता, म्हणजे साखर सर्वांत लवकर चढते अशा वेळी. १५० ग्रॅम शिजलेल्या भातात कर्बोदके साधारण ४० ग्रॅम असतात. जवळजवळ तेवढेच तुम्ही चहातून परत आणलेत. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ती सुमारे ३५ ग्रॅम. दोन मोठ्या भाकऱ्या म्हणजे ७० च्या पुढे. भाकरी वाईट आहे असे अजिबात नाही, पण तिलाही माप आहे. एकदा पीठ वजनकाट्यावर मोजून भाकरी थापा. पुढे डोळ्यांना अंदाज येतो.

म्हणून यादीतून एकच गोष्ट पूर्ण काढा : चहातला गूळ. बाकीचे बंद करण्यापेक्षा ताटाची मांडणी बदला. आधी कोशिंबीर आणि भाजी, सोबत मटकीची किंवा चवळीची उसळ, अंडे किंवा वाटीभर दही. भाकरी शेवटी, दीड. अधूनमधून भात खावासा वाटला तर तेवढी भाकरी कमी करून पाऊण वाटी खा. रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यालाही घाबरू नका. मटण आणि रश्श्यात कर्बोदके फार थोडी असतात. साखर चढते ती त्यावर घेतलेल्या भाताच्या दुसऱ्या-तिसऱ्या वाढण्याने. एवढे लक्षात असू द्या की तेल-खोबऱ्याच्या जेवणात पोट सावकाश रिकामे होते. त्यामुळे दोन तासांनी आकडा छान दिसतो आणि चौथ्या तासाला वर जातो. त्या दिवशी चार तासांनीही एकदा बघा. मिसळीचेही तसेच. मटकी चांगली आहे, फरसाण बेताने, आणि सोबतचे ब्रेडचे स्लाइस दोनावर थांबवा.

तुमचा शुक्रवार मात्र मला खरोखर काळजीचा वाटतो. तुमच्या दोन गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन एकटी सहसा शुगर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेते. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. सकाळी गोळी घेतली, नुसत्या चहावर राहिलात, दुपारी एकला ६२. गोळीने तिचे काम चोख केले, पोटात काही नव्हते. मग पेढे : पेढ्यात खवा असतो, खव्यातल्या तुपामुळे साखर रक्तात सावकाश उतरते, थरथर थांबत नाही म्हणून आपण आणखी खातो. शिवाय शुगर घसरल्यावर लिव्हरही आपला साठा ओततो. वर साबुदाणा. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ४० ग्रॅमच्या वर निव्वळ पिष्ट असते. म्हणून २१४.

पुढे असे झाले तर काय करायचे ते पाठ करून ठेवा. ७० च्या खाली आकडा, किंवा मशीन हाताशी नसेल आणि थरथर, घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर चहाचे तीन भरलेले चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवून प्या. ती होते सुमारे १५ ग्रॅम. बसून राहा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा. आकडा वर आला आणि जेवायला तासाभराहून जास्त अवकाश असेल तर अर्धी भाकरी-भाजी खा. पेढा, चॉकलेट, बिस्किटे या वेळेला कामाची नाहीत. ज्यांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू आहे त्यांनी साखर घेऊन चालणार नाही. ती गोळी साखर फोडूच देत नाही, म्हणून त्यांच्याजवळ ग्लुकोज पावडरच हवी. एक पाकीट पर्समध्ये, एक कामाच्या टेबलाच्या खणात ठेवा आणि शेजारी बसणाऱ्या बाईंना सांगून ठेवा. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न ओतता १०८ ला फोन करायचा, हे घरच्यांनाही माहीत हवे. शुगर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास गाडी चालवू नका.

आता बोट टोचायचे वेळापत्रक. सहा-सात वेळा वाटेल तेव्हा टोचण्यापेक्षा जोडीने टोचा : जेवणाआधी एकदा, पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा. सोमवारी न्याहारी, मंगळवारी दुपारचे जेवण, बुधवारी रात्रीचे. गुरुवारपासून तोच क्रम पुन्हा, रविवारी सुट्टी. यात दोन दिवस सकाळचा उपाशीपोटीचा आकडा आपोआप मिळतो. आठवड्याला बारा स्ट्रिप लागतात. थरथर झाली तर मात्र कधीही तपासा, तिथे काटकसर नको. वजाबाकी करा. वाढ पन्नासच्या आत राहिली तर ते जेवण तुम्हाला मानवते असे धरा, सत्तर-ऐंशीची असेल तर पुढच्या खेपेला तेच जेवण ठेवून एकच गोष्ट बदला. पोह्यांचे उदाहरण घ्या : पहिल्यांदा नेहमीची पूर्ण बशी, दुसऱ्यांदा अर्धी बशी आणि वाटीभर मोडाची मटकी, तिसऱ्यांदा पुन्हा पूर्ण बशी पण खाल्ल्यावर पंधरा मिनिटे चालणे. तीन आठवड्यांत कोणता उपाय तुमच्या शरीरावर चालतो हे कळेल. संध्याकाळची रंकाळ्याची फेरी चांगलीच आहे. तिच्या जोडीला दुपारी जेवल्यावर पतसंस्थेच्या जिन्यावरून दहा मिनिटे वर-खाली केलेत तर दुपारच्या आकड्यात फरक दिसेल. बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या आत हे लक्ष्य असते. तुमचे लक्ष्य तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सासूबाईंच्या मायेला मोडता घालू नका. मेथीदाणे भिजवून खायला हरकत नाही, कारल्याची भाजीही खुशाल खा. पण रोज उपाशीपोटी कारल्याचा रस आणि त्यावर ग्लिमेपिराइड ही जोडी शुगर खाली ओढू शकते, आणि गोळीच्या जागी रस हा सौदा तर करूच नका. कोणी दुधीचा रस सुचवला आणि तो कडू लागला, तर तोंडातला घोटसुद्धा थुंकून टाका. कडू दुधी विषारी असतो. मिस्टरांना एवढेच सांगा की "काय खाल्लंस?" ऐवजी "जेवून किती वेळ झाला?" असे विचारा. पहिल्या प्रश्नाने तुम्ही आरोपी होता, दुसऱ्याने ते तुमची वही भरायला मदत करतात. काही दिवसांनी वजाबाकी तेच करू लागले तर नवल नाही.

एक हिशेब तुमच्या नजरेतून सुटला आहे. एचबीएवनसी ८.४ म्हणजे तेव्हाची सरासरी १९५ च्या आसपास होती. आता सकाळचे आकडे ११२ ते १५६ आहेत. गाडी उताराला लागली आहे. गोळ्या सुरू होऊन तीन महिने पूर्ण झाले की एचबीएवनसी पुन्हा करा. ७ म्हणजे सरासरी १५४. सोबत हिमोग्लोबिनही करा, कारण लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटा जास्त येतो, आणि तुमच्या वयाच्या बायकांत लोह कमी असणे सर्रास आढळते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची चाचणी अजून झाली नसेल तर याच फेरीत उरका. मधुमेह कळण्याआधी बरीच वर्षे मुक्कामाला असू शकतो. खर्चाची अडचण असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करा. मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. वजन आपोआप उतरत असेल, किंवा उलट्या होत असताना आकडा ३०० च्या वर राहिला, तर तीन महिन्यांची वाट बघू नका.

डॉक्टरांकडे जाताना वहीची पाने घेऊन जा आणि दोन प्रश्न कागदावर लिहून न्या. सकाळचा आकडा १३० च्या वर राहतो, तर मेटफॉर्मिनची वेळ किंवा मात्रा बदलायची का? आणि अंबाबाईचा शुक्रवार करायचा असेल तर त्या दिवशी ग्लिमेपिराइडचे काय करायचे? पहिल्या प्रश्नाला पुढच्या महिन्याची भेट चालेल. दुसरा या शुक्रवारच्या आत फोन करून विचारा. उत्तर मिळेपर्यंत उपवास धरू नका, गोळी घेतल्यावर सकाळीच पोटभर न्याहारी करा आणि ओटी भरायला देवळात जाताना ग्लुकोजचे पाकीट पर्समध्ये आहे ना, ते बघा.